कासेतलं लोह कुणाच्या हाती?

काचेच्या बशीत जिवाणू वाढवायचे, त्यावर एखाद्या वनस्पतीच्या तेलाचा थेंब ठेवायचा आणि थेंबाभोवतीचे जिवाणू मेले की फोटो काढायचा. गाईंच्या स्तनदाहावर ‘प्रतिजैविकांना नैसर्गिक पर्याय सापडला’ अशा बातम्या अधूनमधून येतात, त्यांतल्या बऱ्याच बातम्यांच्या मुळाशी एवढाच प्रयोग असतो. प्रयोग खोटा नसतो. पण बशी म्हणजे कास नव्हे. कास किती वेगळी आहे हे सांगता सांगता मला तिच्यातल्या एका प्रथिनाची गोष्ट सांगायची आहे, कारण ती मला फार आवडते.

आधी रोगाबद्दल थोडं. कासेचे चार कप्पे एकमेकांपासून पूर्ण वेगळे असतात आणि प्रत्येकाला एक सड. सडाच्या टोकाची नळी जेमतेम सेंटिमीटरभर लांब. धार काढल्यावर तिचं तोंड निदान अर्धा तास सैल राहतं, आणि जिवाणू बहुधा त्या वाटेनं आत शिरतात. कास सुजून दगडासारखी टणक होते म्हणून याला ‘दगडी’ म्हणतात. पण पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त दुधातल्या पेशी वाढतात. मिलिलिटरमागे दोन लाखांपलीकडे गेल्या की संशय घ्यायचा.

दुभत्या गाईंना दिली जाणारी प्रतिजैविकं सगळ्यात जास्त याच रोगासाठी खर्ची पडतात. औषधाचे दिवस दूध ओतून द्यावं लागतं, आणि जिवाणू औषधाला सरावतात ते वेगळंच. युरोपीय संघात २८ जानेवारी २०२२ पासून, रोग नसताना सरसकट कळपाला खबरदारी म्हणून प्रतिजैविक देण्यावर बंदी आहे. पर्यायांचा शोध म्हणूनच इतक्या जोरात चालू आहे.

आता ते तेल कासेत सोडून पाहू. ओव्याच्या उग्र वासामागचा थायमॉल जिवाणूंचं आवरण फाडतो, हे खरं. पण थायमॉल पाण्यापेक्षा स्निग्धात सहज विरघळतो आणि दुधात स्निग्धाचे अगणित गोळे तरंगत असतात. बराचसा थायमॉल त्यांतच अडकतो. मात्रा वाढवली तर सडाचं नाजूक अस्तर होरपळतं. जिवाणू खाणाऱ्या विषाणूंचीही, म्हणजे जिवाणूभक्षकांची, अशीच फजिती झाली. बशीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस या दगडी करणाऱ्या जिवाणूचा फडशा पाडणारा भक्षक कच्च्या दुधात ढेपाळतो, कारण दुधाच्या निवळीतली (पाणीदार भागातली) प्रथिनं जिवाणूवर चढतात आणि भक्षकाला चिकटायला जागाच उरत नाही. कॅनडातल्या एका चाचणीत भक्षक सोडलेल्या १८ कप्प्यांपैकी फक्त ३ बरे झाले. आपल्या बाजूच्या पांढऱ्या पेशीसुद्धा दुधात भरकटतात. जिवाणू सोडून स्निग्धाचे गोळेच गिळत बसतात.

नायसिनची कहाणी जास्त आशादायक आहे. दुधातल्याच लॅक्टोकॉकस जिवाणूनं बनवलेलं हे ३४ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन शत्रूच्या भिंतीची वीट, म्हणजे लिपिड-२ नावाचा रेणू, धरून ठेवतं आणि तिथेच आवरणाला भोक पाडतं. अन्न टिकवायला ते कित्येक दशकं वापरात आहे. अडचण दोन ठिकाणी येते. ई. कोलायसारख्या जिवाणूंना बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, तिथे नायसिन पोचत नाही. शिवाय दुधात उरलं तर चीज बनवणारे उपयोगी जिवाणूही मरतात.

आता माझं आवडतं प्रथिन, लॅक्टोफेरिन.

जिवाणूला लोह हवं असतं. श्वसनाची विकरं लोहावर चालतात, आणि डीएनएचे सुटे भाग बनवणारं विकरही त्याच्यावाचून अडतं. शरीरात लोह भरपूर असतं, पण मोकळं जवळजवळ नसतंच. ते कुठल्या ना कुठल्या प्रथिनाच्या मुठीत असतं. लॅक्टोफेरिन ही तशी एक मूठ. सुमारे ६९० अमिनो आम्लांच्या या साखळीला घडी पडून दोन पाळ्या होतात आणि प्रत्येक पाळीत लोहाचा एक अणू बसतो. मात्र त्याच्याबरोबर एक कार्बोनेट आयनही बसावा लागतो. तो नसेल तर मूठ मिटत नाही. मिटली की बिनरंगाचं प्रथिन गुलाबी होतं.

ही कार्बोनेटची अट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे.

दुभत्या कासेत लॅक्टोफेरिन थोडं आणि सायट्रेट भरपूर असतं. लिंबाच्या आंबटपणामागच्या आम्लाचा हा क्षार लीटरभर दुधात दीड ग्रॅमच्या वर सापडतो. सायट्रेटही लोह पकडतं, पण सैल हातानं. ई. कोलायकडे लोह-सायट्रेट आत ओढणारं एक खास दारच असतं, त्याच्या जनुकगटाला ‘फेक’ म्हणतात. स्तनदाह करणाऱ्या ई. कोलायच्या जनुकसंचांची तुलना केली तेव्हा हा गट जवळपास सगळ्यांत निघाला. दुधातलं सायट्रेट त्यांच्यासाठी लोहाचे आयते घास घेऊन येतं.

त्याशिवाय हा जिवाणू एंटरोबॅक्टिन नावाचा छोटा रेणू बाहेर सोडतो. लोहाशी त्याची पकड इतकी घट्ट की बंधाचा स्थिरांक १ वर ४९ शून्यं इतका भरतो. त्यावर गाईच्या पांढऱ्या पेशी लिपोकॅलिन नावाचं प्रथिन सोडतात, ते लोहासकट एंटरोबॅक्टिनच गिळंकृत करतं. मग काही जिवाणू एंटरोबॅक्टिनला ग्लुकोज जोडतात, म्हणजे ते लिपोकॅलिनच्या खाचेत मावत नाही. डावावर प्रतिडाव, आणि सगळं अणूभर लोहासाठी!

व्यायच्या आधी धार काढणं थांबवून गाय आटवली की पारडं फिरतं. काही आठवड्यांत लॅक्टोफेरिन शंभरपटीपर्यंत चढतं, सायट्रेट घटतं, आणि ज्यातून कार्बोनेट मिळतो ते बायकार्बोनेट वाढतं. म्हणजे मुठी वाढल्या, त्या मिटायला लागणारा आयन आला आणि घास भरवणारा गेला. अशा कासेत ई. कोलायची वाढ खुंटते. व्यायचे दिवस जवळ आले की पुन्हा उलटं होतं, आणि महिनाभर दबून बसलेला जिवाणू व्यायल्यानंतर उसळी मारतो. स्ट्रेप्टोकॉकस युबेरिस या दुसऱ्या जिवाणूला मात्र यातलं काही बाधत नाही. त्याचं काम मँगनीजवर भागतं, लोहावर तो फारसा अवलंबून नाही. आटलेल्या कासेत तो वरचेवर का सापडतो, याचं हे एक कारण.

आजारी कप्प्यातही कास हेच करू पाहते. दाहामुळे दूध बनवणाऱ्या पेशींमधले सांधे सैल होतात, रक्तातलं बायकार्बोनेट दुधात झिरपतं आणि सायट्रेट उतरतं. रोग चालू असतानाच लॅक्टोफेरिनला सोयीची जमीन तयार होते.

मग ते बाहेरून का देऊ नये? चीज करताना उरणाऱ्या निवळीतून ते शुद्ध करता येतं. पण एकट्यानं दिलं तर जिवाणूंची उपासमार होते, ते मरतीलच असं नाही, आणि पुढच्या धारेबरोबर औषधही बाहेर. पेनिसिलिनच्या जोडीनं दिल्यावर चित्र बरं दिसलं. पेनिसिलिन तोडणारं विकर बनवणाऱ्या स्टॅफिलोकॉकसवर ही जोडी नुसत्या पेनिसिलिनपेक्षा सरस ठरली. म्हणजे पर्याय म्हणून नाही, पण साथीदार म्हणून त्याला भवितव्य आहे असं मला वाटतं.

होमिओपॅथीच्या गोळ्यांनी गाय बरी झाल्याचे दाखले लोक मनापासून देतात. गाय बरी होतेही. नॉर्वेतल्या संशोधकांनी होमिओपॅथी, बिनऔषधाची गोळी आणि प्रतिजैविक यांची तुलना २००४ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा पहिल्या दोन्हींत लक्षणीय फरक दिसला नाही. बरं करणारी कासच होती, श्रेय गोळीनं घेतलं. घरची तेलं आणि काढे सडात सोडण्याला तर माझा ठाम विरोध आहे. अस्वच्छ नळीबरोबर बुरशी आत जाते आणि तिच्यावर कुठलंच प्रतिजैविक चालत नाही.

कास स्वतः किती करते याचा हिशेब मात्र उपयोगी पडला आहे. ई. कोलायच्या सौम्य रोगात दुधात गुठळ्या दिसेपर्यंत पुष्कळदा जिवाणू संपलेलेही असतात. दुधाच्या नमुन्यातले जिवाणू गोठ्यावरच वाढवून दुसऱ्या दिवशी निर्णय घ्यायचा, काही उगवलं नाही किंवा ई. कोलायच्या जातीचं उगवलं तर कासेत प्रतिजैविक सोडायचं नाही, ही पद्धत अमेरिका आणि कॅनडातल्या आठ गोठ्यांवर तपासली गेली. औषधाचा वापर निम्म्यावर आला आणि बरं होण्याचं प्रमाण घटलं नाही. हे सगळं सौम्य रोगापुरतं. गाईला ताप आहे, दूध पाण्यासारखं पिवळट झालंय, ती उठत नाही, अशा वेळी नमुना उगवायची वाट पाहू नये. जिवाणूंचं विष रक्तात उतरलेलं असतं, आणि पशुवैद्याला त्याच घटकेला बोलवावं लागतं.