घरगुती घातक कचरा

घरगुती घातक कचरा : घरातील रोजच्या वापरातून निघणारा, पण ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळल्यास माणसांना, जनावरांना, पाण्याला किंवा पुढच्या प्रक्रियेला अपाय करणारा कचरा. रंगाचे अर्धवट डबे, थिनर, कीटकनाशकांच्या बाटल्या, ट्यूबलाइट व सीएफएल दिवे, पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेले सेल, मुदत संपलेली औषधे, इन्शुलिनच्या सुया, संडास धुण्याचे ॲसिड, गाडीचे काळे ऑइल ही त्याची नेहमीची उदाहरणे. शहराच्या एकूण घनकचऱ्यात वजनाने त्याचा वाटा साधारणतः एक टक्का किंवा त्याहूनही कमी मानला जातो. वजनकाट्यावर तो जवळजवळ दिसत नाही. खतात उतरलेले शिसे, कचरावेचकांच्या बोटांना झालेल्या जखमा आणि क्षेपणभूमीतून (डम्पिंग ग्राउंडमधून) झिरपणारे काळे पाणी यांतून त्याचे अस्तित्व कळते.

संज्ञा : मराठीत प्रशासकीय लिखाणात ‘घातक’, वृत्तपत्रांत ‘धोकादायक’ आणि बोलण्यात ‘विषारी’ असे तीन शब्द चालतात. ‘विषारी’ हा शब्द अपुरा आहे. अमेरिकी नियमांत घातकपणाच्या चार कसोट्या आहेत : ज्वलनशीलता, क्षरणकारिता (धातू वा त्वचा खाऊन टाकणे), अभिक्रियाशीलता (इतर पदार्थांशी जोरदार क्रिया होणे) आणि विषाक्तता. थिनर पहिल्या कसोटीने घातक ठरतो, ॲसिड दुसऱ्या. विषाची गोष्ट चौथ्या कसोटीला येते. वापरलेली सुई तर यांपैकी एकाही कसोटीत बसत नाही, तिचा धोका संसर्गाचा आहे. ‘धोकादायक’ हा शब्द नगरपालिकांच्या दप्तरात पडायला आलेल्या इमारतींसाठी आधीच रुळलेला आहे. म्हणून या नोंदीत ‘घातक’ वापरला आहे.

भारतात या कचऱ्याची व्याख्या ‘घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६’ मध्ये आली. ती तत्त्वाने केलेली व्याख्या नसून यादी आहे : रंगाचे डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदतबाह्य औषधे, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, सुया व सिरिंज इत्यादी. यादीच्या शेवटी दूषित ‘गॉझ’, म्हणजे जखमेवरची जाळीदार पट्टी, अभिप्रेत असावी; इंग्रजी राजपत्रात मात्र तिथे ‘गेज’ (मापक) असे छापले गेले आणि पुढे कित्येक नगरपालिकांच्या उपविधींत ते तसेच उतरले. यादीतील ‘इत्यादी’ हा शब्द अधिक महत्त्वाचा होता. ॲसिड, थिनर, नेलपॉलिश, काळे ऑइल हे सगळे त्या एका शब्दाच्या आधारावर या वर्गात येत. जानेवारी २०२६ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत ओला, सुका, सॅनिटरी आणि ‘विशेष काळजीचा’ असे चार भाग केले असून जुना घरगुती घातक कचरा बहुतांशी चौथ्या भागात गेला आहे. नाव सौम्य झाले, डब्यातल्या वस्तू त्याच राहिल्या.

उगम : ही कल्पना कोठे जन्मली याबद्दल दोन मते आढळतात. प्रचलित मत तिचे श्रेय अमेरिकेला देते. तेथे १९७६ च्या संसाधन संवर्धन व पुनर्प्राप्ती कायद्याने घातक कचऱ्याचे नियमन सुरू झाले; पण १९ मे १९८० रोजी प्रसिद्ध झालेल्या नियमांनी घरांतून निघणाऱ्या कचऱ्याला त्यातून सरसकट वगळले. कारखान्यातला जो द्रव घातक ठरतो, तोच घरच्या बाटलीत असला की साधा कचरा ठरतो, अशी विचित्र स्थिती त्यातून झाली. न्यूयॉर्क राज्यातील लव्ह कॅनॉल येथे पुरलेली रसायने वर वसलेल्या वस्तीत झिरपल्याच्या प्रकरणाने (१९७८) लोकमत आधीच तापले होते. डिसेंबर १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला आणि दूषित जागा साफ करण्याची जबाबदारी क्षेपणभूमी चालवणाऱ्या नगरपालिकांवरही येऊ लागली. वगळणूक घरांना मिळाली होती, भीती मात्र नगरपालिकांच्या वाट्याला आली. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात वॉशिंग्टन, मॅसॅच्युसेट्स, फ्लॉरिडा अशा राज्यांत ‘संकलन दिवस’ भरू लागले ते या पार्श्वभूमीवर. फ्लॉरिडाने १९८३ च्या जलगुणवत्ता कायद्यानंतर भरवलेल्या अशा दिवसांना ‘माफीचे दिवस’ असे नाव दिले होते : काय आणले, कुठून आणले, हे कोणी विचारणार नाही, आणून टाका.

दुसरे मत प्रत्यक्ष व्यवहाराला प्रमाण मानते आणि डेन्मार्ककडे बोट दाखवते. तेथील नगरपालिकांनी १९७१ मध्ये एकत्र येऊन न्यूबोर्ग येथे ‘कोमुनेकेमी’ ही रासायनिक कचऱ्याची सामाईक संस्था काढली. १९७२ च्या तेल व रासायनिक कचऱ्याच्या कायद्याने तिला आधार दिला आणि गावोगावच्या स्वीकार केंद्रांतून घरांचा कचराही तिच्याकडे जाऊ लागला. स्वीडनमध्ये उरलेली औषधे औषधालयात परत देण्याची पद्धत १९७० च्या दशकापासून आहे. नेदरलँड्समध्ये घरांखाली पुरलेली रासायनिक पिंपे लेकरकेर्क येथे १९८० मध्ये उघडकीस आल्यावर ‘लहान रासायनिक कचरा’ असा वेगळा वर्ग करून त्यासाठी फिरत्या गाड्या सुरू झाल्या. संज्ञा अमेरिकी आणि पद्धत उत्तर युरोपीय, असे म्हणणे दोन्ही पुराव्यांशी अधिक जुळते. हा फरक केवळ मानापमानाचा नाही. डेन्मार्कमध्ये आधी कारखाना आणि मग संकलन असा क्रम होता. अमेरिकेत, आणि पुढे भारतातही, आधी संकलनाचा नियम आला आणि ‘गोळा केलेले न्यायचे कुठे’ हा प्रश्न मागे उरला.

अमेरिकी वगळणुकीचे शेपूट बरेच लांबले. शिकागो शहर घरगुती कचरा जाळून ऊर्जा मिळवत असे. कचरा वगळलेला असल्याने त्याची राखही वगळलेली, अशी शहराची भूमिका होती. राखेत शिसे व कॅडमियम असल्याने ती घातक कचऱ्याच्या नियमांत येते, असे एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड या संस्थेचे म्हणणे होते. २ मे १९९४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ अशा बहुमताने संस्थेच्या बाजूने निर्णय दिला. वगळणूक कचऱ्याला आहे, राखेला नाही. मिश्र कचरा जाळून प्रश्न मिटत नाही, ट्यूबलाइट आणि बॅटऱ्या भट्टीच्या आधीच बाजूला काढणे शहाणपणाचे, हे त्यातून दिसून आले. युरोपीय संघाने २०१८ च्या दुरुस्तीने सदस्य देशांना १ जानेवारी २०२५ पर्यंत घरगुती घातक कचऱ्याचे स्वतंत्र संकलन उभे करण्यास सांगितले.

घटक : पाऱ्याचा विचार सर्वांत जास्त झाला आहे. आजच्या चार फुटी ट्यूबमध्ये वा सीएफएलमध्ये काही मिलिग्रॅमच पारा असतो. जुन्या जाड ट्यूबमध्ये तो याच्या कितीतरी पट असे. काचेच्या थर्मामीटरमध्ये साधारण अर्धा ते दीड ग्रॅम, तर रक्तदाब मोजण्याच्या जुन्या उभ्या यंत्रात ८० ते १०० ग्रॅम पारा असतो. म्हणजे दवाखाना बंद केलेल्या एखाद्या डॉक्टरांच्या माळ्यावरचे एक यंत्र हजारो नव्या ट्यूबांइतके. तरी संकलन मोहिमांत चर्चा ट्यूबचीच होते, कारण ती संख्येने जास्त आणि फुटायला सोपी. दिवा वापरात असताना पारा हळूहळू आतल्या पांढऱ्या भुकटीत व काचेत शोषला जातो, त्यामुळे पुनर्चक्रण म्हणजे मुख्यतः त्या भुकटीचे पुनर्चक्रण. ट्यूब ऋण दाबाच्या बंदिस्त यंत्रात फोडतात, ॲल्युमिनियमची टोके व काच वेगळी करतात आणि भुकटी बकपात्रात (वाफ वेगळी काढण्याच्या बंद भांड्यात) तापवतात. पाऱ्याचा उत्कलनबिंदू सुमारे ३५७° से. असल्याने तो वाफ होऊन निघतो आणि थंड करून परत मिळवता येतो. उरलेल्या भुकटीत इट्रियम, युरोपियम ही दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये असतात. जपानमधील होक्काइदो बेटावर इतोमुका येथे पूर्वीची पाऱ्याची खाणच अशा प्रक्रियेचे केंद्र बनली आहे. पाऱ्याला आळा घालणारा आंतरराष्ट्रीय मिनामाता करार १६ ऑगस्ट २०१७ रोजी अमलात आला, भारताने तो २०१८ मध्ये अनुसमर्थित केला. त्याखालील निर्णयांनुसार फ्लुओरेसंट दिव्यांचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबत आहे. घराघरांत लटकलेल्या ट्यूब मात्र पुढची काही वर्षे निघतच राहतील.

साध्या पेन्सिल सेलबाबत मतभेद आहेत. पारा काढून टाकलेले झिंक-कार्बन व अल्कली सेल फारसे घातक नाहीत, असे अमेरिकी संघीय नियमांचे धोरण दिसते. कॅलिफोर्निया राज्याने मात्र फेब्रुवारी २००६ पासून सर्वच घरगुती सेल कचऱ्यात टाकण्यास बंदी केली. ग्राहकाला निकेल-कॅडमियम, लिथियम आणि साधा सेल यांत फरक करता येत नाही, हे पाहता कॅलिफोर्नियाचा मार्ग व्यवहार्य वाटतो. लिथियम सेल दाबले गेल्यास कचरागाडीत आग लागते, हा धोका अलीकडचा.

औषधांबाबत सल्ले परस्परविरोधी आहेत. कचऱ्यात टाकू नका, गटारात ओतू नका, हा सर्वसाधारण सल्ला; पण केंद्रीय औषध मानक नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये फेंटानिल, ट्रॅमाडोल (तीव्र वेदनाशामके) यांसारखी १७ औषधे घरात ठेवण्यापेक्षा संडासात सोडावीत असे सुचवले, कारण ती चुकून घेतली गेल्यास जीव जाऊ शकतो. फ्रान्समध्ये १९९३ पासून औषध कंपन्यांच्या पैशांतून ‘सिक्लामेड’ ही परतीची व्यवस्था चालते. केरळने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोझिकोड येथून अशीच योजना सुरू केली.

रंग, कीटकनाशके व ॲसिड यांच्यावर लिखाण कमी आहे. भारतात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० भाग प्रतिदशलक्ष झाली, त्यामुळे जुने डबे नव्यांपेक्षा जास्त वाईट.

पुनर्चक्रण आणि निधी : भारतीय शहरात कचऱ्याची खरी वर्गवारी भंगारवाला करतो. इन्व्हर्टरची बॅटरी तो आनंदाने नेतो, कारण तिच्यात शिसे आहे. काळे ऑइल गॅरेजमधून विकले जाते. रंगाचा रिकामा डबा पत्र्याच्या भावाने जातो. ट्यूबलाइट, औषधाची बाटली, पेन्सिल सेल आणि सुई तो परत देतो. घरगुती घातक कचऱ्याची व्यवहारातली व्याख्या हीच : जे भंगारवाला घेत नाही ते.

यातूनच निधीचा प्रश्न उभा राहतो. सुका कचरा वाढला तर विक्री वाढते. घातक कचरा जितका जास्त गोळा होईल तितका भट्टीचा आणि वाहतुकीचा खर्च वाढतो, म्हणून मोहीम यशस्वी झाली की अंदाजपत्रक तुटते. शहरे सहसा वर्षातून एक-दोन शिबिरांनी सुरुवात करतात, रांगा लागल्या की कायम केंद्र काढायचे ठरवतात आणि तिथे अनुदानासाठी अर्ज करतात. अमेरिकेतील सिएटल व किंग काउंटी यांनी १९९० च्या सुमारास कचऱ्याच्या आणि सांडपाण्याच्या बिलांवर छोटा आकार बसवून हा खर्च कायमचा सोडवला. ‘वेस्टमोबील’ ही त्यांची फिरती गाडी उपनगरांत जाते. कॅलिफोर्निया राज्य अनुदाने देते आणि वंगण तेलावर आकार घेते. तिसरा मार्ग उत्पादकाला धरण्याचा : कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने १९९४ मध्ये आणि अमेरिकेत ऑरेगनने २००९ मध्ये उरलेल्या रंगाची जबाबदारी रंग बनवणाऱ्यांवर टाकली, नवा डबा घेतानाच परतीचा आकार वसूल होतो. अनेक अमेरिकी केंद्रांत चांगला उरलेला रंग फडताळावर ठेवतात आणि हवा तो नागरिक फुकट नेतो. यापेक्षा स्वस्त पुनर्चक्रण नाही.

भारतात विद्युत कचरा, बॅटऱ्या (२०२२) आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेले तेल यांवर उत्पादकाची जबाबदारी आली आहे. ट्यूबलाइट विद्युत कचऱ्याच्या नियमांतही येते आणि घरगुती घातक कचऱ्याच्या यादीतही. ती कोणाची, हा वाद म्हणून चालूच राहतो. रंग, औषधे, सुया, कीटकनाशके यांना असा वाली नाही, ती नगरपालिकेच्याच पदरात. स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० मध्ये घनकचरा प्रकल्पांसाठी केंद्राचा वाटा दहा लाखांवरील शहरांना २५ टक्के, एक ते दहा लाखांच्या शहरांना ३३ टक्के आणि त्याहून लहान शहरांना ५० टक्के आहे, पण त्याचा भर प्रक्रिया प्रकल्प आणि जुन्या कचऱ्याचे डोंगर हटवणे यांवर आहे. पैसा उभारणीसाठी मिळतो. दर किलोमागे भट्टीला द्यावे लागणारे पैसे दरमहा लागतात.

महाराष्ट्र व गोवा : २०१६ च्या नियमांनी दर २० चौ. किमी. क्षेत्राला किंवा त्याच्या भागाला एक स्वीकार केंद्र सांगितले. २०२१ मध्ये समाविष्ट गावांसह सुमारे ५१६ चौ. किमी. झालेल्या पुणे महानगरपालिकेला या हिशेबाने २६ केंद्रे लागत होती. राज्यात तळोजा, महापे, रांजणगाव व बुटीबोरी येथे घातक कचऱ्याच्या सामाईक सुविधा आहेत. त्या मुळात उद्योगांसाठी उभारल्या गेल्या. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या (स्था. १९९३) कचरावेचकांनी सॅनिटरी पॅडच्या पुडक्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम २०१७ मध्ये चालवली. ती घातक कचऱ्याची नव्हे, पण घरात वेगळे करून खूण करण्याची सवय तिने लावली. बृहन्मुंबई महानगरपालिकेने २०२५ मध्ये सॅनिटरी व विशेष काळजीचा कचरा सोसायट्यांतून स्वतंत्रपणे, नोंदणी करून, उचलण्याची सेवा सुरू केली. गोव्यात २०१६ पासून राज्य कचरा व्यवस्थापन महामंडळ असून घातक कचऱ्याची सुविधा सत्तरी तालुक्यातील पिसुर्ले येथे आहे. पणजी शहर जेमतेम आठ चौ. किमी.चे असल्याने २०१६ च्या नियमानुसार तेथे एकच केंद्र पुरत होते.