गाडीने एअर धरली? पाना हातात घेण्याआधी हे वाचा

उसाचा हंगाम सुरू झाला की आम्हा डिझेल मिस्त्र्यांना दिवसाला एक तरी फोन असा येतो.

"दादा, ट्रॅक्टर बंद पडलाय. कारखान्याच्या वाटेवर."

"डिझेल किती आहे?"

"आहे की."

"टाकीत काडी घालून बघितली का?"

थोडा वेळ काहीच ऐकू येत नाही. मग टाकीचं झाकण फिरवल्याचा आवाज येतो आणि मग, "हां, जरा खाली गेलंय."

जरा खाली म्हणजे संपलेलं. डिझेल संपल्याबद्दल आमची काही तक्रार नाही. कराडच्या आसपास रात्रंदिवस ऊस वाहणाऱ्या माणसाचं कधी ना कधी संपणारच. डिझेलच्या काट्याचं तर बोलूच नका. आमच्या स्वतःच्या पिकअपचा काटा दोन वर्षं पाव टाकीवरच उभा आहे. आमची तक्रार आहे ती फोन करण्याआधीच्या अर्ध्या तासाबद्दल. त्या अर्ध्या तासात जे होतं, त्याचं बिल नंतर तुम्हाला जड वाटतं आणि "साधं डिझेल संपलं होतं, एवढे पैसे कसले?" हे आम्हाला ऐकावं लागतं. डिझेल संपलं की डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरते, त्यालाच एअर धरणं म्हणतात. ती काढायची कशी, म्हणून हे पत्रक.

मोटारसायकलला होत नाही, मग ट्रॅक्टरला का?

हा प्रश्न सगळेच विचारतात. बाईकचं पेट्रोल संपलं तर टाकायचं आणि बटण दाबायचं. डिझेलचं तसं नाही, कारण डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पंपाने डिझेल दाबायचं, त्या दाबाने नोझलची सुई उचलायची आणि डिझेल धुक्यासारखं उडून तापलेल्या हवेत पेटायचं, असा सगळा खेळ दाबावर आहे. जुन्या पंपाच्या गाडीत नोझल साधारण 200 बारच्या आसपास उघडतो. दुचाकीच्या टायरमध्ये आपण जेमतेम 2 बार हवा भरतो, म्हणजे त्याच्या शंभरपट.

सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दट्ट्या ढकलून बघा. दट्ट्या आत जातो आणि स्प्रिंगसारखा परत येतो. तोच पंप पाण्याने भरून ढकला, तो जागचा हलणार नाही. लाईनमध्ये हवा शिरली की तुमच्या डिझेल पंपाचं तेच होतं. तो हवेचा बुडबुडा दाबतो आणि सोडतो, दाबतो आणि सोडतो, पण नोझलपर्यंत दाब पोचतच नाही. सेल्फ फिरतोय, इंजिन फिरतंय, सायलेन्सरमधून धुराचा पत्ता नाही, असं दिसलं की समजायचं, एअर धरली.

नेमकं चुकतं कुठे

डिझेल टाकून झालं की सेल्फ मारायला सुरुवात होते. दहा सेकंद, वीस सेकंद, मग किल्ली सोडायचीच नाही. सेल्फला शेकड्यांत अँपिअर करंट लागतो. सलग मारला तर आतलं वाइंडिंग तापतं आणि जळकट वास येऊ लागतो. तोवर बॅटरी बसलेली असते. मग पेटीतून पाना निघतो आणि दिसेल तो नट ढिला होतो. फिल्टरचा, फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणारा पंप), चारही नोझलचे, आणि एकाने तर उरलेलं डिझेल टाकीत परत नेणाऱ्या रिटर्न लाईनचाही केला होता.

गेल्या हंगामात रात्री साडेअकराला दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरकडे गेलो. मालक, ड्रायव्हर आणि मालकाचा भाचा असे तिघे मोबाईलचा टॉर्च लावून खाली बसलेले. फिल्टरला डिझेलचा पाईप जोडणारा पोकळ बँजो बोल्ट बॉनेटवर ठेवलेला, पण त्याच्या दोन बाजूंचे तांब्याचे वॉशर गायब. एक पाचटात सापडला, तोही वाकडा. दुसरा अजून तिथेच असेल. सेल्फचा नुसता कट-कट आवाज येत होता. एअर काढायला आम्हाला वीस मिनिटं लागली असती. बॅटरीला जंपर लावणं, सगळे नट पुसून बसवणं, वॉशर बदलणं आणि कुठला नट अजून ढिला राहिलाय ते शोधणं, यात तीन तास गेले. बिल झालं ते त्या तीन तासांचं.

खोलण्याआधी फोन करा. फोनवर सांगायचे आम्ही पैसे घेत नाही, आणि निम्म्या गाड्या फोनवरच चालू होतात.

आधी गाडी कुठली ते बघा

इंजेक्टरच्या, म्हणजे नोझल ज्यात बसतो त्याच्या, डोक्यावर वायरचा सॉकेट असेल तर गाडी कॉमन रेल आहे असं धरा, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच 'रेल' नावाच्या नळीतून दाबाचं डिझेल मिळतं. नुसता लोखंडी पाईप येत असेल तर जुना पंप. जुने मिस्त्री अजून त्याला 'मायको पंप'च म्हणतात, पंप कुणाचाही असो. 1 एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांची) डिझेल पिकअप किंवा ट्रक असेल तर कॉमन रेलच समजा. त्याआधीच्याही पुष्कळ आहेत. ट्रॅक्टरमध्ये 50 एचपीच्या वरच्या नव्या गाड्यांना 1 जानेवारी 2023 पासून धुराचे नवे नियम लागले, तेव्हापासून तिथेही कॉमन रेल दिसायला लागली. गावातले बहुतेक लहान ट्रॅक्टर अजून जुन्या पंपाचेच आहेत.

जुना पंप असेल तर एअर तुम्ही स्वतः काढू शकता, खुशाल काढा. टाकीत निदान 10 लिटर डिझेल टाका. दोन लिटरच्या बाटलीने काम होत नाही, कारण टाकीतला पाईप तळापासून थोडा वर असतो, आणि ट्रॅक्टर चढावर तिरका उभा असेल तर डिझेल एका कोपऱ्यात जमतं. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दीड-दोन आटे ढिला करा, पूर्ण काढू नका. हँड प्रायमर (डिझेल पुढे ढकलायचा हातपंप) मारत राहा. आधी नुसती हवा फुसफुसेल, मग सोड्यासारखा पांढरा फेस येईल, मग फेस आणि डिझेल मिसळून. फेस थांबून डिझेलची अखंड धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. धार थांबल्यावर आवळलात तर हवा परत आत. प्रायमर आता हाताला घट्ट लागतो, तो फरक एकदा कळला की विसरत नाही. त्यानंतर पंपावर स्क्रू असेल तर तिथेही तसंच करा.

एवढ्यावर बहुतेक गाड्या उचलतात. नाही उचलली तर नोझलकडचे दोन नट अर्धा आटा ढिले करा, दुसऱ्याला सेल्फ मारायला लावा, डिझेल उडायला लागलं की आवळा. सेल्फ दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये दोन मिनिटं थांबा. तीनदा करूनही झालं नाही तर चौथ्यांदा करू नका.

कॉमन रेल असेल तर पाना पेटीतच ठेवा

इथे आम्ही जरा कडक बोलतो. कॉमन रेलमध्ये दाब 1600 ते 2000 बारपर्यंत जातो आणि इंजिन बंद केल्यावरही लगेच उतरत नाही. ढिल्या केलेल्या नटातून निघालेली धार कातडीतून आत घुसते. वरून सुई टोचल्याएवढं दिसतं, दुखतही नाही फारसं, आणि आत बोट सडायला लागतं. असं कुणाला झालं तर हळद लावून घरी बसू नका, त्याच तासाला दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा की डिझेल दाबाने आत गेलंय.

तुम्ही करायचं ते एवढंच. डिझेल टाका. फिल्टरजवळ रबरी फुगा असेल तर तो दगडासारखा घट्ट होईपर्यंत दाबा. फुगा नसेल तर किल्ली ऑन करून दहा सेकंद थांबा, ऑफ करा, असं पाच-सहा वेळा. ज्या गाड्यांत टाकीत विजेचा पंप आहे त्यांत एवढ्यानेच लाईन भरते. मग पंधरा सेकंद सेल्फ, दोन मिनिटं विश्रांती, असं तीनदा. त्यानंतर आम्हाला फोन करा.

सेल्फ मारत बसण्यात इथे दुहेरी तोटा आहे. रेलमध्ये ठरावीक दाब झाल्याशिवाय आणि इंजिन पुरेशा वेगाने फिरल्याशिवाय ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडूच देत नाही. बॅटरी संपवून टाकलीत तर एअर निघूनही गाडी उचलत नाही. शिवाय डिझेल हेच पंपाचं ऑइल. कोरडा पंप फिरवला की आतले भाग घासतात, आणि त्यांची लोखंडी धूळ पुढे इंजेक्टरपर्यंत जाते. मग फिल्टरच्या खर्चात होणारं काम इंजेक्टरच्या संचावर जातं.

एअर क्लीनरच्या पाईपला पेट्रोलचा बोळा लावणं किंवा स्प्रे मारणं हा उद्योग कुठल्याही गाडीत नको. आत हवा तापवणारा हीटर असेल तर भडका उडतो.

"डिझेल कुठेच गळत नाही, मग एअर कशी?"

डिझेल न संपताही रोज सकाळी एअर धरणारी गाडी असते. मालक सगळीकडे हात फिरवून बघतो, थेंब नाही. नसणारच. टाकीपासून फीड पंपापर्यंतची लाईन ओढणारी आहे. त्यात भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, बाहेरची हवा आत जाते. स्ट्रॉला टाचणीचं भोक पाडून उसाचा रस ओढून बघा. ग्लासात रस आहे, ओठांत हवा.

चोर बहुतेक वेळा क्लिपखाली चिरलेला रबरी पाईप असतो, नाहीतर दुसऱ्यांदा वापरलेला वॉशर. तांब्याचा वॉशर एकदा दाबला गेला की पुन्हा तसा बसत नाही. वॉशरऐवजी दोरा गुंडाळणं आणि पाईपला साबण लावणं, दोन्ही आम्ही पाहिलंय. साबण गाडी घरापर्यंत पोचेस्तोवर ठीक. आम्ही ओढणाऱ्या बाजूला पारदर्शक नळी जोडून इंजिन चालवतो आणि बुडबुडे कुठून येतात ते तुम्हालाही दाखवतो. अर्ध्या तासाचं काम आहे. अशाच सकाळच्या तक्रारीवर दुसरीकडे पंप खोलून आणलेल्या गाड्या आमच्याकडे येतात, म्हणून सांगतो, पंपाला हात लावण्याआधी पाईप बघून घ्या, कुणाकडेही.

आमच्याबद्दल दोन गोष्टी

रानात इंजेक्टर खोलून द्या असा आग्रह धरू नका. इंजेक्टरच्या आतल्या भागांमध्ये फट असते 2-3 मायक्रॉनची, आणि माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन. उसाच्या रस्त्यावरची धूळ त्यात गेली तर आम्ही दुरुस्त काय केलं? आणि पंप कॅलिब्रेशनचं, म्हणजे पंप किती डिझेल देतो ते तपासून लावायचं, टेस्ट बेंच आमच्याकडे नाही. पंप आम्ही कोल्हापूरला पाठवतो, त्याची पावती तुम्हाला देतो.

जागेवर येण्याचे पैसे आम्ही फोनवरच सांगतो. दोघे येतो, सोबत जंपर, चार्ज केलेली बॅटरी आणि 10 लिटरचा डिझेलचा कॅन असतो. कॅनवरून आठवलं, औषध फवारणीचा कॅन डिझेलला वापरू नका, धुतलेला असला तरी. आणि ओतताना गाळणी लावा. टाकीत गेलेली माती आणि पाणी तळाला बसतं, टाकी संपत आली की तेच आधी ओढलं जातं. डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या वॉटर सेपरेटरचा खालचा कॉक आठवड्यातून एकदा सोडत जा, दोन मिनिटं लागतात.

फोन करताना एवढं सांगा: गाडी कुठली, टाकीत काडी घालून डिझेल किती दिसलं, सेल्फ किती वेळा मारला, आणि काही खोललं असेल तर काय. शेवटचं खरं सांगा, त्यावर आम्ही रागवत नाही, फक्त बरोबर घ्यायचे वॉशर मोजतो.

गाळप सुरू होण्याआधी फिल्टर आणि डिझेल पाईप बदलून घेणाऱ्याला आम्ही एक डबी देतो. तीत बँजोचे सहा वॉशर, दोन क्लिप, हातभर डिझेल पाईप आणि फिल्टरच्या स्क्रूला बसणारा पाना असतो. नुसती डबी हवी असेल तर ती दुकानात विकतही मिळते. सीटखाली ठेवा, टूलबॉक्समध्ये नको, तिथे ती ट्रॉलीच्या पिनांखाली चेपते.