स्क्रीन आडवी चिरते? कॅबिनेट उचलण्याआधी हे वाचा

(आमच्याकडून लिनक्स, म्हणजे उबंटू किंवा मिंट, घालून नेलेल्या ग्राहकांसाठी)

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून कॅबिनेट मांडीवर घेऊन नौपाड्यात यायचं, आणि इथे एक टिक काढली की काम झालं, असं हलतं चित्र मध्येच आडवं तुटण्याच्या या तक्रारीत वारंवार होतं. बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड बिघडलेलं नसतं. नवी एचडीएमआय केबल तर घेऊच नका, केबलने ही चीर जात नाही.

आधी खात्री करा. धावत्या लोकलचा बाजूने घेतलेला व्हिडिओ फुल स्क्रीन लावा आणि दारातल्या उभ्या दांड्याकडे बघा. दांडा मध्येच तुटून खालचा तुकडा गाडीच्या दिशेने सरकलेला दिसला, तर हाच प्रकार. (दांडा अख्खा पण तिरका दिसला तर तो मोबाइल कॅमेऱ्याचा गुण, कॉम्प्युटरचा दोष नाही.) आता स्क्रीनशॉट काढा. खऱ्या चिरीचा त्यात सहसा पत्ता नसतो. तिथेही खुणा दिसल्या तर व्हिडिओ फाइल किंवा ड्रायव्हर तपासावा लागेल.

कारण सोपं आहे. साधा 60 हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला 60 वेळा चित्र वरून खाली काढतो, एका चित्राला साधारण 16.7 मिलिसेकंद. चित्र अर्ध्यावर असताना कार्डाने पुढची फ्रेम दिली, की वर जुनी आणि खाली नवी. हा मेळ घालायचं काम डेस्कटॉपचा कॉम्पोझिटर (सगळ्या विंडो जुळवून पडद्याचं चित्र तयार करणारा भाग) करतो.

मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप असेल आणि चीर फक्त फुल स्क्रीनमध्ये येत असेल, तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ उघडा. ‘डिसेबल कॉम्पोझिटिंग फॉर फुल-स्क्रीन विंडोज’ चालू असेल तर बंद करा. एक्सएफसीई डेस्कटॉपमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मधला कॉम्पोझिटर चालू आहे ना, ते बघा.

उबंटू 24.04 वाल्यांनी लॉगिनला नावावर क्लिक केल्यावर खाली उजवीकडे येणारं चक्र दाबावं. ‘उबंटू ऑन झॉर्ग’ निवडलेलं असेल तर नुसतं ‘उबंटू’ निवडा, म्हणजे वेलँड चालू होईल (पडद्यावर चित्र दाखवणारी झॉर्ग ही जुनी यंत्रणा, वेलँड ही नवी). वेलँडमध्ये अर्धवट फ्रेम पडद्यावर जाऊ न देणं हा पायाच आहे, त्यामुळे आमचा कौल त्यालाच. दोन मॉनिटर, एक 60 हर्ट्‌झचा आणि एक 144 चा, असतील तर विशेषच. झॉर्गवर त्यातला एक सुरळीत चालतो आणि दुसरा चिरत राहतो.

झॉर्गवरच राहायचं असेल आणि एनव्हिडियाचं कार्ड असेल, तर एनव्हिडिया सेटिंग्जमध्ये ‘एक्स सर्व्हर डिस्प्ले कॉन्फिगरेशन’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड’, आणि तिथे ‘फोर्स फुल कॉम्पोझिशन पाइपलाइन’. तिथलीच कॉन्फिगरेशन फाइल सेव्ह केली नाही तर रीस्टार्टनंतर सगळं पूर्ववत. गेमचा वेग यात थोडा घटू शकतो. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपवर हा पर्याय बहुधा दिसणारच नाही, त्याचा उपाय वेगळा आहे, फोन करा.

झॉर्गवर एएमडीचं कार्ड असेल तर ‘टेअरफ्री’ नावाचा पर्याय आहे. त्याची छोटी फाइल आम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, कुठे ठेवायची तेही सांगतो. कुठूनही उचलून चिकटवू नका. एखादं अक्षर चुकलं तर लॉगिनच्या जागी काळी स्क्रीन येते, आणि मग खरंच कॅबिनेट उचलावं लागतं.

गेमचं गणित निराळं. गेमच्या सेटिंग्जमधलं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेळेशी जुळवणारा पर्याय) लावलं की चीर जाते, पण माउस किंचित मागे पडल्यासारखा वाटतो. शिवाय कार्डाला 60 फ्रेम झेपत नसतील तर गेम एकदम 30 वर येऊ शकतो. तसं झालं तर रिझोल्यूशन किंवा शॅडो कमी करा. नेमबाजीच्या गेममध्ये मात्र मुलं व्ही-सिंक बंद ठेवून चीर सोसतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

एवढं करूनही गेलं नाही तर दुकानात या. नुसतं कॅबिनेट पुरे, मॉनिटर नको. फक्त मॉनिटरच्या मागच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या.