लांब पल्ल्याची एकचाकी शर्यत

एका चाकाच्या सायकलीवर बसून डांबरी रस्त्याने दहा किलोमीटरपासून पुढे कितीही लांब धावण्याची शर्यत. इंग्रजीत या वाहनाला युनिसायकल म्हणतात. मराठीत एकचाकी सायकल, किंवा नुसतीच एकचाकी. आपल्या खेड्यापाड्यांत एकचाकी पहिल्यांदा दिसली ती सर्कशीच्या तंबूत, त्यामुळे ती अजूनही कसरतीचीच वस्तू समजली जाते. रस्त्यावरची एकचाकी त्याहून वेगळी. तिचे चाक मोठे असते, तिच्यावर माणूस तासन्‌तास बसतो आणि एका गावाहून निघून खरोखरच दुसऱ्या गावाला पोचतो.

या शर्यतीचे सगळे मर्म एका गोष्टीत आहे : पायाला सुट्टी नाही. साध्या सायकलीला फ्रीव्हील असते. उतार लागला की पाय थांबवायचे आणि वाऱ्यावर जायचे. एकचाकीत पायडलच्या दांड्या थेट चाकाच्या आसाला जोडलेल्या असतात. चाक फिरते तोवर पाय फिरतात आणि पाय थांबले की चाक थांबते, म्हणजे माणूस खाली. शंभर किलोमीटरच्या शर्यतीत चढावर जितक्या फेऱ्या माराव्या लागतात, तितक्याच उतारावरही माराव्या लागतात. उतारावर तर चाकच पायांना पळवू पाहते आणि मांड्यांनी ते मागे ओढून धरावे लागते. दमछाक कुठे होते असे विचारले तर अनुभवी स्वार चढाआधी उताराचे नाव घेतात, ते यामुळेच.

चाक आणि वेग

गिअर नसल्यामुळे वेग जवळजवळ पूर्णपणे चाकाच्या आकारावर ठरतो. शिकताना वापरतात ते वीस किंवा चोवीस इंची चाक. चोवीस इंची चाक एका फेरीत सुमारे १.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला शंभर फेऱ्या मारल्या तरी वेग ताशी साडेअकरा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे चांगला धावणारा माणूस सहज पुढे निघून जाईल इतकाच. लांब पल्ल्याला म्हणून छत्तीस इंची चाक आले. ते एका फेरीत सुमारे २.८७ मीटर कापते. त्याच शंभर फेऱ्यांत ताशी १७ किलोमीटर. अमेरिकेतील टेनेसी राज्यातल्या कोकर टायर या कंपनीने १९९० च्या दशकाच्या अखेरीस असे मोठे चाक बाजारात आणले आणि पुढे बरीच वर्षे छत्तीस इंची एकचाकीलाच लोक ‘कोकर’ म्हणत राहिले.

मोठ्या चाकाचा दुसरा फायदा विदर्भातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. बंडीचे, म्हणजे बैलगाडीचे, चाक एवढे मोठे का असते? धुऱ्यावरून, नाल्यातून, पांदणीच्या खडकाळ वाटेने जाताना लहान चाक खड्ड्यात बसते, मोठे चाक खड्ड्यावरून निघून जाते. एकचाकीलाही हेच लागू. वीस इंची चाक अडकून स्वाराला पालथा पाडील असा खड्डा छत्तीस इंची चाक थोडे हिसकून पार करते. बदल्यात त्याचा जडपणा पत्करावा लागतो. ते चालू करायला जोर लागतो, थांबवायलाही लागतो, आणि त्यावर चढणे ही स्वतंत्र विद्याच आहे : एक पाय पायडलवर, हात सीटवर, दोन पावले पळत उडी, आणि चाक मागे घसरायच्या आत पहिली अर्धी फेरी.

पायडलच्या दांडीची लांबी हा स्वारांच्या अखंड चर्चेचा विषय आहे. लांब दांडी (१५० मिलिमीटरच्या आसपास) चढाला आणि थांबायला सोपी. आखूड दांडी (११०-१२५) पायाचे वर्तुळ लहान करते, त्यामुळे फेऱ्या भरभर पडतात, पण ताबा कमी होतो. सपाट प्रदेशातला माणूस आखूड दांडी घेतो आणि डोंगराळ भागातला लांब.

स्वित्झर्लंडच्या फ्लोरियान श्लुम्फ यांनी चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यात, दातेरी चक्रे बसवून एकचाकीला गिअर दिला. टाचेने आसाच्या टोकावरची कळ दाबली की पायांच्या एका फेरीला चाकाच्या दीड फेऱ्या होतात. छत्तीस इंची चाक मग चोपन्न इंचाच्या चाकासारखे वागते आणि शंभर फेऱ्यांना ताशी पंचवीस किलोमीटरच्या पुढे जाते. गिअर असला तरी पायाची सुट्टी मिळत नाहीच, आणि त्या वेगाने पडणे हे उडी मारून पावलांवर येण्याइतके सोपे राहत नाही.

तोल आणि बैठक

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की कसोटी तोलाची आहे. पहिले काही आठवडे ती असतेच. खेड्यात शिकायचे तर शाळेच्या व्हरांड्याची भिंत किंवा देवळाचा ओटा पुरतो. एक हात भिंतीला, नजर पायांकडे न ठेवता समोरच्या खांबाकडे, आणि सगळे वजन सीटवर. नवशिका घाबरून पायडलवर उभा राहतो आणि चाक त्याच्या खालून पुढे निसटते. कैची मारत सायकल शिकलेल्या पोराला ही सवय मोडायला जास्त वेळ लागतो, कारण त्याच्या पायांना उभे राहूनच जोर लावायचे ठाऊक असते. पुढे-मागे तोल पायांनी सांभाळायचा. डावी-उजवीकडे झुकले की चाक त्याच बाजूला वळवून स्वतःच्या खाली आणायचे. हे अंगात मुरले की तोलाचा विचार मनात येत नाही.

लांब पल्ल्यात खरा शत्रू सीट आहे. दोन चाकांच्या सायकलीत वजन हात, पाय आणि सीट यांच्यात वाटले जाते. एकचाकीत ते जवळजवळ सगळे सीटवर येते आणि क्षणभर उठून रक्त मोकळे करणेही सहज जमत नाही. म्हणून लांब पल्ल्याच्या एकचाकीला सीटच्या पुढे निघालेला दांडा बसवतात. त्यावर दोन्ही हात टेकले की थोडे वजन उचलले जाते, शिवाय चढावर ओढायला आधार मिळतो. ब्रेकची कळही तिथेच असते. ब्रेक उतारावर मांड्यांना मदत म्हणून बेताने दाबायचा. जोरात दाबला तर चाक थांबेल आणि माणूस पुढे जाईल.

शर्यती आणि विक्रम

एकचाकी जन्मली ती उंच पुढच्या चाकाच्या जुन्या सायकलीतून, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ब्रेक दाबला की त्या सायकलीचे लहान मागचे चाक हवेत उठे, आणि काही स्वार तसेच पुढच्या चाकावर चालवत राहत. पुढचे जवळजवळ एक शतक ती रंगमंचावर आणि सर्कशीत राहिली. रस्त्यावर तिला नेणाऱ्यांत कॅनडाच्या वॉली वॉट्स यांचे नाव आधी घ्यावे लागते : १९७६ ते १९७८ या काळात त्यांनी एकचाकीवरून जगप्रवास केला. इंग्लंडचे एड प्रॅट २०१५ मध्ये छत्तीस इंची चाकावर निघाले आणि २०१८ मध्ये जगाला वळसा घालून घरी परतले.

आंतरराष्ट्रीय युनिसायकलिंग फेडरेशनच्या जागतिक स्पर्धा, म्हणजे ‘युनिकॉन’, १९८४ मध्ये अमेरिकेतील सिरॅक्यूज येथे सुरू झाल्या आणि साधारणपणे दर दोन वर्षांनी होतात. २०१८ ची दक्षिण कोरियात आन्सान येथे, २०२२ ची फ्रान्समध्ये ग्रेनोबल येथे झाली. त्यांत दहा किलोमीटर, मॅरेथॉन (४२.१९५ किलोमीटर) आणि शंभर किलोमीटर अशा रस्त्यावरच्या शर्यती झाल्या आहेत. काही गटांत चाकाचा आकार बांधून दिलेला असतो, खुल्या गटात चाक आणि गिअर कोणताही चालतो. पडणारा स्वार बाद होत नाही. जिथे पडला तिथून पुन्हा चढून पुढे जातो. जपानमध्ये प्राथमिक शाळांच्या मैदानांवर एकचाक्या ठेवलेल्या असतात आणि मुले मधल्या सुट्टीत त्या चालवतात, हेही इथे सांगायला हवे. तिथे हा खेळ पोरांच्या पायात आधी येतो.

या प्रकारातली सर्वांत मोठी शर्यत म्हणून २००८ च्या जूनमधल्या ‘राइड द लॉबस्टर’कडे बोट दाखवले जाते. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात यारमथपासून बॅडेकपर्यंत, पाच दिवसांत ८०० किलोमीटर. प्रत्येक संघात तिघे स्वार; एक रस्त्यावर, बाकीचे सोबतच्या गाडीत, आणि ठरवून अदलाबदल. समृद्धी महामार्गाची नागपूर ते मुंबई पूर्ण लांबी ७०१ किलोमीटर आहे. म्हणजे ही शर्यत त्याहूनही शंभर किलोमीटर लांब होती. जर्मन संघाने ती जिंकली.

एकट्याने चोवीस तासांत किती? न्यूझीलंडच्या केन लुई यांनी २००५ मध्ये ३७८.७ किलोमीटर कापले. दोन वर्षांनी, सप्टेंबर २००७ मध्ये, वेल्समधील अबरिस्टविथ येथे सॅम वेकलिंग यांनी ४५३.६ किलोमीटर केले. नागपूर ते अमरावती हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर धरले, तर एका दिवस-रात्रीत ते जवळपास तीनदा. सरासरी ताशी १८.९ किलोमीटर, आणि त्यात पाणी, जेवण, उतरणे-चढणे सगळे आले.

विदर्भातला रस्ता

या खेळाला विदर्भात शर्यतीची परंपरा नाही. पण खेळाची जातकुळी इथल्या माणसाला परकी नाही. यात्रेत किंवा शाळेच्या पटांगणात एखादा सायकलवाला सात दिवस सायकलवरून न उतरता गोल फिरत राहायचा. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडातही त्याचे फिरणे चालूच. लहानपणी मी आमच्या गावात तो पाहिला आहे. शेवटच्या दिवशी त्याला उतरवायला दोन माणसे लागली आणि जमिनीवर टेकलेला त्याचा पाय थरथरत होता. लोकांनी त्याच्या पुढ्यात पैसे टाकले ते एखाद्या करामतीसाठी टाकले नव्हते, त्याच्या टिकण्यासाठी टाकले होते. लांब पल्ल्याच्या एकचाकीत मोजले जाते ते नेमके हेच. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी काही सेकंदांत दान (एक धाव) मारून जाते आणि तळेगाव दशासरच्या पटात घड्याळाकडे डोळे लावून बसलेले जाणकार सेकंदाच्या फरकावर वाद घालतात. इथे तसा क्षणात निकाल नाही.

प्रदेश म्हणून पाहिले तर वर्धा, यवतमाळ, अमरावती, अकोला या जिल्ह्यांतले लांब, सरळ आणि बहुतांश सपाट रस्ते एकचाकीला फार अनुकूल आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. उतार कमी म्हणजे मांड्यांवरचा उलटा ताण कमी. आखूड दांडी लावून एका लयीत तासभर जाता येते. जून २०२२ मध्ये अमरावती–अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून विक्रम झाला. तसा सलग गुळगुळीत पट्टा एकचाकीस्वाराच्या स्वप्नातला. समृद्धीवर मात्र दुचाकींनाच बंदी आहे, तेव्हा एकचाकीचा प्रश्नच उरत नाही.

काळ्या मातीचे तेवढे ध्यानात ठेवावे लागते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून आकसते, तिच्यावर बांधलेला रस्ता तिच्यासोबत हलतो, आणि दोन-चार वर्षांत डांबरावर लांबट लाटा उठतात. जीपमध्ये बसलेल्याला त्या कळतही नाहीत. एकचाकीवर प्रत्येक लाट उतरताना पायडल एकदम हलके होते आणि चढताना जड, आणि दोन्हीकडे पायांना ते आधी ओळखावे लागते. रस्त्याची मधली उंची आणि कडेचा उतार हाही त्रास आहे : तासभर डाव्या कडेने गेले की चाक सतत एका बाजूला ओढते आणि कमरेची एकच बाजू भरून येते. वाहन नसेल तेव्हा थोडे मधे येऊन अंग सोडवावे.

डोंगर हवा असेल तर परतवाड्याहून चिखलदरा आहे. १,११८ मीटर उंचीचे ते ठिकाण. वाट सुमारे तीस किलोमीटरची. लांब दांडी लावून, मधे उतरून, घाट चढता येईल. खाली येताना मात्र वळणावळणांवर ब्रेक आणि मांड्या दोन्ही तापतात, म्हणून नवख्याने उतरताना एकचाकी गाडीत टाकावी.

नागपूर आणि अमरावतीच्या सायकलस्वारांत ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या, रुजले आहेत : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत. ब्रेव्हेच्या नियमांत वाहन फक्त माणसाच्या बळावर चालणारे हवे, चाके किती ते बांधलेले नाही. २०० किलोमीटरला सरासरी ताशी १५ किलोमीटरच्या आत-बाहेर लागते, थांबे धरून. छत्तीस इंची चाकावर हे गणित कडक आहे, पण बसते. इथे एकचाकीची शर्यत रुजायची असेल तर ती याच वाटेने येईल असे वाटते. वेगळे मैदान बांधायची गरज नाही.

पंक्चरचा विचार घरून निघतानाच करावा. बाभळीचा काटा आणि सराटे रस्त्याच्या कडेला बाराही महिने असतात, आणि छत्तीस इंची ट्यूब फाट्यावरच्या कोणत्याही दुकानात मिळत नाही. सोबत एक ट्यूब, ठिगळे आणि पंप हवाच. गावातल्या वेल्डरकडून जुन्या सायकलीच्या सामानातून एकचाकी करून घेता येते; शिकायला ती चालते, पण चाकाचा आस आणि हब यांच्यामधली वेल्डिंग दोन्ही पायांचा आलटून पालटून येणारा पीळ फार काळ सोसत नाही. लांब जायचे तर हब तयारच घ्यावा.

हंगाम दिवाळीनंतर ते माघापर्यंतचा. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसवर जातो आणि दुपारचे गरम वारे मोठ्या चाकाला आडवे ढकलतात. हंगामातही दोन गोष्टी पाहूनच निघावे. सोयाबीन निघते तेव्हा, आणि पुढे तूर निघते तेव्हा, शेतकरी गंजी रस्त्यावरच पसरतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांखाली मळणी होते. त्या कुटारावर चाक घसरते. लांबून पिवळा पट्टा दिसला की उतरावे, एकचाकी खांद्याला लावून कडेने चालत जावे आणि पलीकडे पुन्हा चढावे. दुसरी गोष्ट कापसाच्या गाड्यांची. जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कापूस दोन्ही बाजूंना रस्त्यावर आलेला असतो, त्यामुळे ड्रायव्हरला मागचे काहीच दिसत नाही. अशा गाडीला मागून ओलांडू नये, ती पुढे जाऊ द्यावी.