ताप मेंदूत कसा चढतो: ग्रोथ फॅक्टरच्या शोधाची पार्श्वभूमी

पंचगंगेच्या पुराचं पाणी ओसरलं की कोल्हापुरात डेंग्यू आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापाची धास्ती असते. घरातले उपाय ठरलेले: हुडहुडी भरली की अंगावर वाकळ, अंग तापलं की कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या. यातलं काय केव्हा लागू पडतं, हे तापाच्या संशोधनाचा इतिहास पाहिला की समजतं.

१९४८ साली पॉल बीसन यांनी सशांच्या पांढऱ्या रक्तपेशींतून ताप आणणारा पदार्थ मिळवला. म्हणजे जंतू बाहेरचे असले तरी ताप आणणारं रसायन शरीर स्वतःच तयार करतं. १९७७ मध्ये चार्ल्स डिनारेलो यांनी माणसाच्या पेशींतला तसा पदार्थ शुद्ध केला. पुढे तो इंटरल्यूकिन-१ म्हणून ओळखला गेला. दरम्यान १९७० च्या सुमारास मिल्टन आणि वेंडलँट यांनी मांजरांच्या मेंदूतल्या पोकळीत प्रोस्टाग्लँडिन (शरीरातच बनणारं, संदेश देणारं एक रसायन) टोचलं आणि ताप चढला. १९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवलं की अ‍ॅस्पिरिन नेमकं प्रोस्टाग्लँडिन बनणंच रोखतं.

ताप आणणाऱ्या या रसायनांच्या साखळीचा शेवट हायपोथॅलॅमसच्या, म्हणजे मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या भागाच्या, पुढच्या बाजूला आहे. तिथे प्रोस्टाग्लँडिन ई२ हे ईपी३ नावाच्या ग्राहीवर (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या प्रथिनावर) बसतं आणि शरीराच्या तापमानाची ठरलेली पातळी ३७ वरून, समजा, ३९ अंश सेल्सिअसवर जाते. आता ३७ अंशांचं अंग मेंदूला गार वाटतं. म्हणून कातडीखालच्या रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, हुडहुडी भरते. ईपी३ नसलेल्या उंदरांना ताप येत नाही, हे १९९८ मध्ये सिद्ध झालं.

ग्रोथ फॅक्टर, म्हणजे पेशींना वाढवणारी, जगवणारी प्रथिनं, या गोष्टीत उशिरा आले, आणि खरी नवलाई इथेच आहे. सीएनटीएफ हे चेतापेशींना जगवणारं प्रथिन. १९९३ मध्ये डिनारेलो यांच्या गटाने ते सशांना दिलं, तर ताप आला. त्यामागे कारणही आहे: त्याच्या ग्राहीतला जीपी१३० हा भाग, ताप आणणारं इंटरल्यूकिन-६ सुद्धा वापरतं. २००९ मध्ये आरएएनकेएलची पाळी आली. हे प्रथिन हाडं झिजवणाऱ्या पेशी घडवतं म्हणून प्रसिद्ध होतं. उंदरांच्या मेंदूत टोचल्यावर त्याने जोरदार ताप आणला, तोही अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या मेंदूतल्या आधारपेशींमार्फत आणि प्रोस्टाग्लँडिन ई२–ईपी३ याच वाटेने. त्याच्या ग्राहीत जन्मजात दोष असलेल्या दोन मुलांना न्यूमोनियातही नीटसा ताप चढला नव्हता.

पॅरासिटामॉल प्रोस्टाग्लँडिन बनणं कमी करून ठरलेली पातळीच खाली आणतं. पट्ट्या फक्त कातडी गार करतात. पातळी वर असताना बर्फाचं पाणी लावलं तर हुडहुडी वाढते आणि शरीर आणखी उष्णता बनवतं. म्हणून आधी औषध, मग लागलंच तर कोमट पाण्याने अंग पुसणं. थंडी वाजताना हलकं पांघरूण चालतं, ती थांबली की काढावं.

मुलांना पॅरासिटामॉलची मात्रा वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, किमान चार तासांच्या अंतराने, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. २० किलोच्या मुलाला २०० ते ३०० मिलिग्रॅम. चूक होते ती चमचे मोजण्यात, कारण ५ मिलिलिटरमध्ये १२० आणि २५० मिलिग्रॅम अशी दोन्ही सिरप मिळतात. बाटलीवरचा आकडा वाचावाच. डेंग्यूची शंका असेल तर अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

उन्हाळ्यातला उष्माघात मात्र या साखळीबाहेरचा. तिथे पातळी वाढलेलीच नसते, म्हणून पॅरासिटामॉल उपयोगी नाही. अंगावर गार पाणी, वारा आणि तातडीने दवाखाना.