चौरस नसलेले पिक्सेल

जुन्या मराठी नाटकाची डीव्हीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतली की बऱ्याचदा एकच तक्रार ऐकू येते: सगळे नट एकतर जाडजूड दिसतात, नाहीतर काटकुळे. मग कोणीतरी सांगतं, फाइल बिघडलीय, पुन्हा एन्कोड करा, म्हणजे चित्र नव्याने दाबून दुसरी फाइल बनवा. हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. चित्र शाबूत असतं. ते किती रुंद दाखवायचं हे सांगणारा आकडा तेवढा चुकलेला असतो.

डीव्हीडीवरच्या फाइलची माहिती उघडून पाहा. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, म्हणून रुंदी ७२० पिक्सेल (चित्राचे ठिपके) आणि उंची ५७६. भागाकार केला तर १.२५. जुन्या टीव्हीचा पडदा ४:३, म्हणजे १.३३. आजचा १६:९, म्हणजे १.७८. फाइल दोन्हींत बसत नाही. शिवाय ४:३ मधलं नाटक असो की १६:९ मधला सिनेमा, डीव्हीडीवर पिक्सेल तेवढेच असतात.

हे जमतं, कारण पिक्सेल चौरसच असला पाहिजे असं बंधन नाही. एका ओळीत ७२० फरश्या आणि अशा ५७६ ओळी, एवढ्यावरून खोलीचा आकार कळत नाही; एक फरशी केवढी, तेही सांगावं लागतं. ४:३ साठी पिक्सेल किंचित आडवा धरतात, १६:१५. रुंद पडद्यासाठी चांगलाच आडवा, ६४:४५. ताळा करून पाहा: १.२५ ला ६४ ने गुणून ४५ ने भागलं की १.७८ येतात.

मग सुरुवातीपासूनच चौरस पिक्सेल का घेतले नाहीत? ५७६ ओळींच्या ४:३ चित्राला त्यासाठी ७६८ पिक्सेल लागले असते. पण टीव्हीचं चित्र डिजिटल करायची वेळ आली तेव्हा जगात दोन पद्धती होत्या: युरोपात आणि आपल्याकडे ६२५ ओळी, अमेरिका-जपानमध्ये ५२५. दोन्हींना एकच वेग चालावा म्हणून सीसीआयआर या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८२ साली शिफारस क्रमांक ६०१ मध्ये सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने ठरवले; नमुना म्हणजे ओळीवर एका जागी घेतलेलं मोजमाप, त्याचाच पिक्सेल होतो. त्या हिशेबाने आपल्या पद्धतीत एका ओळीला ८६४ नमुने पडतात, त्यांच्या पद्धतीत ८५८. चित्रासाठी दोघांनीही ७२० ठेवले. पिक्सेल कोणाचाच चौरस राहिला नाही, पण आकडा एक झाला. मला ही तडजोड फार शहाणपणाची वाटते. त्या ७२० मध्येही दोन्ही कडांची थोडी मोकळी जागा धरलेली आहे, खरं चित्र ७०२ ते ७०४ नमुन्यांतच मावतं. म्हणून काही सॉफ्टवेअर १६:१५ ऐवजी १२:११ सांगतात. फरक सव्वादोन टक्क्यांचा, डोळ्यांना सहसा जाणवत नाही.

खरा घोळ होतो तो चित्र किती रुंद दाखवायचं ही नोंद कुठे लिहायची यावरून. डीव्हीडीवर चित्र एमपेग-२ या पद्धतीने साठवतात; तिच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या माहितीत, चार बिटांचा कोड असतो: २ म्हणजे ४:३, ३ म्हणजे १६:९. म्हणजे तिथे पडद्याचं गुणोत्तर लिहितात. एच.२६४ या नंतरच्या पद्धतीत मात्र एका पिक्सेलचं. त्यावर एमकेव्ही किंवा एमपी४ या फाइल-प्रकाराचं वेष्टन चढलं की तिथे आणखी एक नोंद करता येते. दोन्ही जुळल्या नाहीत तर एक प्लेअर आतली मानतो, दुसरा बाहेरची. तीच फाइल लॅपटॉपवर ठीक आणि टीव्हीवर ताणलेली दिसते ती यामुळे.

दुरुस्तीआधी मोजमाप करा. चित्रात गोल वस्तू शोधा, नेपथ्यातलं भिंतीवरचं घड्याळ उत्तम, पण ते समोरून दिसायला हवं. व्हीएलसी या प्लेअरमध्ये इंग्रजी 'ए'ची कळ दाबत गेलं की गुणोत्तरं बदलत जातात. घड्याळ पट्टीने आडवं-उभं सारखं भरेल ते गुणोत्तर खरं. फाइलमध्ये काय लिहिलंय ते मीडियाइन्फो हे सॉफ्टवेअर दाखवतं. फाइल एमकेव्ही असेल तर एमकेव्हीटूलनिक्स या सॉफ्टवेअरने नोंद तेवढी बदलता येते. काही सेकंदांचं काम, आणि चित्राच्या डेटाला हातही लागत नाही. पुन्हा एन्कोड केलं तर मात्र दर वेळी थोडा तपशील जातो, आणि व्हीएचएस टेपवरून आलेल्या नाटकात तो आधीच कमी असतो.

४:३ चं नाटक ताणून १९२० गुणिले १०८० मध्ये कायमचं बसवलेलं असलं, तरी त्यावर ४:३ ची नोंद घातली की चेहरे पुन्हा नीट दिसतात. पण पडदा भरावा म्हणून वरून-खालून कापलं असेल, तर चित्राची पाव उंची गेलेली असते आणि ती कोणत्याही आकड्याने परत येत नाही. म्हणून घरची टेप डिजिटल करायला देताना '४:३ ठेवा, ताणू नका, कापू नका' असं लिहूनच द्या. कडेचे काळे पट्टे फाइलमध्ये भरायचीही गरज नाही, ते प्लेअर आपणहून दाखवतो.