पार्ट्स काउंटरवरची सिस्टीम बदलताना: एका जुन्या अडचणीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या मोटार डीलरशिपमध्ये डीएमएस, म्हणजे सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर, बदलायचा निर्णय बहुतेक वेळा मालक आणि त्याचा हिशेबनीस मिळून घेतात. महिन्याचं बिल किती येणार, ताळेबंद किती लवकर निघणार, गाडी बनवणाऱ्या कंपनीला जाणारा अहवाल बिनबोभाट जाणार का, एवढं पाहिलं जातं. पार्ट्स मॅनेजरला बैठकीला बोलावलं तर बोलावलं. पुढचे कित्येक महिने निस्तरायचं मात्र त्यालाच असतं. याला कुणाचा निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे, पण ही सॉफ्टवेअर कुठून आली ते पाहिलं की दुसरं काही होणं कठीणच होतं असं वाटतं.

१८६६ मध्ये ओहायो राज्यातल्या डेटन शहरात व्यापारी फॉर्म छापणारा एक छापखाना सुरू झाला. तीच पुढची ‘रेनॉल्ड्स अँड रेनॉल्ड्स’. पहिली साठ वर्षं तिचा मोटारींशी संबंध नव्हता. तो आला १९२७ मध्ये, शेव्हरोलेच्या डीलरांसाठी हिशेबाचे एकसारखे फॉर्म छापायला घेतल्यावर. जनरल मोटर्सचे तेव्हाचे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांना आपल्या डीलरांपैकी कोण नफ्यात आहे, कोण बुडतोय आणि कशामुळे, हे समजून घ्यायचं होतं. प्रत्येकाची वही वेगळी, त्यामुळे तुलनाच होत नव्हती. म्हणून त्याच वर्षी ‘मोटर्स अकाउंटिंग कंपनी’ काढून डीलरांना एकाच पद्धतीचे हिशेब लावायचं काम हाती घेतलं गेलं.

त्या हिशेबात पार्ट्सना जागा होती ती रकमेपुरती. आज साठा इतक्या डॉलरचा, संपलं. रॅकवर खरोखर काय पडलंय हे काउंटरमागच्या कार्डांवर असायचं: प्रत्येक पार्ट नंबरला एक कार्ड, विक्री झाली की पेन्सिलीने वजाबाकी, माल आला की बेरीज. कार्ड किती मळलंय यावरूनसुद्धा कुठला पार्ट चालतो ते मुरलेल्या माणसाला कळे. वही आणि कार्डं यांची गाठ वर्षाअखेरच्या मोजणीत पडायची, आणि आकडे जुळतीलच असं नाही.

संगणक आले तेही वहीच्या वाटेने. एडीपी ही दुसरी मोठी कंपनी १९४९ मध्ये न्यू जर्सीत सुरू झाली ती लोकांची पगारपत्रकं करून देण्यासाठी. डीलरांच्या धंद्यात ती उतरली १९७० च्या दशकात. म्हणजे पुढे अमेरिकेतल्या डीलरशिपांवर ज्या दोन नावांचं राज्य झालं, त्यातलं एक फॉर्म छापणारं आणि दुसरं पगार करणारं. पार्ट्सच्या रॅकपासून सुरुवात करणारं कुणीच नव्हतं. पार्ट्सचा कॅटलॉग तर तिसऱ्याच घरचा. आधी मायक्रोफिशवर, म्हणजे पानं बारीक करून छापलेल्या फिल्मवर, मग सीडीवर तो पुरवणाऱ्यांत बेल अँड हॉवेल हे मोठं नाव होतं. तो व्यवसाय २००६ मध्ये हत्यारं बनवणाऱ्या स्नॅप-ऑनने विकत घेतला. त्यामुळे काउंटरवरचा माणूस पार्ट शोधतो एका पडद्यावर, साठा पाहतो दुसऱ्यावर आणि कंपनीकडे ऑर्डर टाकतो बऱ्याचदा तिसऱ्यावर.

सॉफ्टवेअरची सोय हिशेबाच्या नियमांवरही कशी स्वार होते, याचं एक उदाहरण नोंदवण्यासारखं आहे. पार्टची किंमत कंपनीच्या ताज्या दरपत्रकाप्रमाणे धरायची, हा डीलरांचा जुना रिवाज, कारण सिस्टीममध्ये तोच आकडा सहज मिळतो. १९९९ मध्ये ‘माउंटन स्टेट फोर्ड ट्रक सेल्स’ या डीलरच्या खटल्यात अमेरिकेच्या टॅक्स कोर्टाने सांगितलं की लिफो पद्धतीत, म्हणजे शेवटी घेतलेला माल आधी विकला असं धरणाऱ्या हिशेबात, हे चालणार नाही, खरेदीची खरी किंमत दाखवा. आता हजारो किरकोळ पार्ट नंबर, वर्षात अनेकदा बदलणारे दर. खरेदीची खरी किंमत आणायची कुठून? शेवटी २००२ मध्ये आयकर खात्यानेच नवा आदेश काढून डीलरांना जुनी पद्धत वापरायची मुभा दिली. सिस्टीम बदलताना हेच भूत पुन्हा उठतं. जुनीत सरासरी किंमत आणि नवीत ताजा दर असेल, तर एकही नट न हलता साठ्याची रक्कम बदलते आणि हिशेबनीस पार्ट्सवाल्याकडे वळून विचारतो, माल गेला कुठे?

पण खरं नुकसान पैशाच्या रकान्यात दिसत नाही. पार्ट नंबर, नग, किंमत, बिन (रॅकवरचा खण) एवढं सहसा नव्या घरी पोहोचतं. पोहोचायला हवा तो मागणीचा इतिहास, कारण काय मागवायचं हे सिस्टीम त्यावरूनच ठरवते. एखादा पार्ट वर्षात ठरावीक वेळा मागितला गेला की तो साठ्यात घ्यायचा, अमुक महिने कुणी विचारला नाही की मागवणं बंद करायचं, असे नियम प्रत्येक ठिकाणी बसवलेले असतात. इतिहास कोरा आला तर सिस्टीमच्या लेखी रोज विकला जाणारा ऑइल फिल्टर आणि तीन वर्षं धूळ खाणारा डॅशबोर्डचा तुकडा सारखेच. मग एकीकडे ब्रेक पॅड संपतात, दुसरीकडे डेड स्टॉक, म्हणजे न खपणारा माल, वाढतो. गिऱ्हाईक आलं, पार्ट नव्हता, ते परत गेलं, ही ‘लॉस्ट सेल’ची नोंद तर बहुधा मागेच राहते, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची तीच, कारण जे विकलं गेलं नाही त्याचा दुसरा कुठलाही पुरावा नसतो. जुन्या नंबरची नव्या नंबरशी जोडलेली साखळी, आगाऊ पैसे भरून मागवलेले पार्ट, परत करायच्या जुन्या बॅटऱ्या आणि अल्टरनेटर, गॅरेजवाल्यांना ठरवून दिलेल्या सवलती, हेही असंच गळतं. शिवाय थोडे दिवस दोन्ही सिस्टीम चालवून पाहू म्हणावं, तर एकीत विकलेला नग दुसरीत शिल्लकच दिसतो. म्हणून बदल होतो तो एकाच झटक्यात, बहुधा महिनाअखेरीच्या मोजणीला धरून.

तरीही सिस्टीम बदलणं फारसं घडत नसे, कारण करार लांब मुदतीचे आणि विदा काढून घेणं अवघड. २००६ मध्ये ह्यूस्टनच्या यूसीएस या डीलरांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीने रेनॉल्ड्स सुमारे २.८ अब्ज डॉलरला घेतली. एडीपीचा डीलर विभाग २०१४ मध्ये ‘सीडीके ग्लोबल’ म्हणून वेगळा झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये या दोघांत झालेल्या करारांवरून पुढे मक्तेदारीविरोधी खटले उभे राहिले: डीलरच्या माहितीपर्यंत तिसऱ्याला पोहोचू न देण्यासाठी दोघांनी संगनमत केलं, असा आरोप होता. सीडीकेने सॉफ्टवेअर विक्रेत्यांशी २०२४ मध्ये ६३ कोटी डॉलरवर तडजोड केली. त्याआधी २०१८ मध्ये ऑटो/मेट ही छोटी, स्वस्त स्पर्धक कंपनी विकत घेण्याचा सीडीकेचा बेत अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हरकत घेतल्यावर बारगळला होता.

मग आला १९ जून २०२४. सायबर हल्ल्यानंतर सीडीकेने आपल्या यंत्रणा बंद केल्या आणि उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १५,००० डीलरशिपा अडकल्या, त्यातल्या कित्येक दोन आठवडे. अँडरसन इकॉनॉमिक ग्रुप या सल्लागार संस्थेने डीलरांचं नुकसान एक अब्ज डॉलरच्या वर धरलं. कागद-पेन्सिल पुन्हा बाहेर निघाली, पण मळलेली कार्डं आता नव्हती. कुठला पार्ट कुठल्या बिनमध्ये हे ठाऊक होतं ते बंद पडलेल्या सर्व्हरला.

आपल्याकडे चित्र वेगळं आहे. सीडीकेचं काम पुण्यातूनही चालतं, पण पुण्यातल्या डीलरला सिस्टीम निवडायची वेळ सहसा येत नाही. ती गाडीची कंपनीच ठरवते. टाटा मोटर्सने सीबेल या तयार सॉफ्टवेअरवर उभारलेली डीलरांची प्रणाली हे त्याचं ठळक उदाहरण. दोन ब्रँडची शोरूम असलेल्याकडे दोन सिस्टीम आणि जोडीला टॅली. बदल येतो तो वरून, सगळ्यांना एकदम: १ जुलै २०१७ ला व्हॅट जाऊन जीएसटी आला तेव्हा प्रत्येक पार्ट नंबरला एचएसएन कोड (करासाठीचा मालाचा वर्गीकरण क्रमांक) आणि नवा दर लावावा लागला, आणि २२ सप्टेंबर २०२५ ला २८ टक्क्यांतले पार्ट्स १८ वर आले तेव्हा पुन्हा एकदा. मागणीचा इतिहास मात्र दोन्ही वेळा जागेवर राहिला, कारण घर तेच होतं.

अमेरिकेत सध्या ज्या नव्या नावाकडे डीलर वळताहेत ती टेकियन, टेस्लाचे माजी मुख्य माहिती अधिकारी जय विजयन यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली. डिसेंबर २०२४ मध्ये तिने सीडीकेवर दावा लावला. डीलर सोडून जायला निघाला की त्याचीच माहिती त्याला मिळण्यात अडथळे आणले जातात, असं तिचं म्हणणं आहे. त्या माहितीत गाड्यांचे सौदे आहेत, ग्राहकांचे पत्ते आहेत, आणि पार्ट्सच्या मागणीची महिनावार नोंदही.